भिंतीवरचा कवड्या, मोरीतला वाळा

साप दिसला की रंग विचारायचा नाही, जागा विचारायची. कुठे दिसला, किती वाजता दिसला, काय करत होता. माझी आई असंच विचारायची आणि पुढे आरोग्य केंद्रात नर्स म्हणून नोकरी करताना मीही पेशंटबरोबर आलेल्या माणसांना हेच विचारत राहिले. रंग सांगताना घाबरलेला माणूस हमखास चुकतो. तपकिरी जनावर त्याला काळं दिसतं, हातभर असलं तर पुरुषभर वाटतं. जागा आणि वेळ मात्र तो बरोबर सांगतो, कारण तो स्वतः तिथे उभा असतो.

तू आता मुंबईचं बिऱ्हाड आवरून या कौलारू घरात राहायला येतेयस, पोरं लहान आहेत, म्हणून हे सगळं एकदा सांगून टाकते. तुझ्या नवऱ्याला सांगून उपयोग नाही. माझा भाचा असला आणि इथेच वाढला असला, तरी जनावर दिसलं की आधी पलंगावर चढतो आणि मग चार वाड्यांना ऐकू जाईल असा ओरडतो.

या घरात साप येणार हे धरूनच चाल. चिऱ्याचं जोतं, मागे पोफळीचं आगर, पुढे खळं, बाजूला जळणाचा ढीग, आणि गडगा तर भोकांनीच उभा आहे. येणाऱ्यांतले बहुतेक बिनविषारी असतात. माणसाच्या जिवावर येणारे आपल्याकडे मुख्य चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. हे चार आधी पाठ कर, कवड्या-नानेटी नंतर. नाग फणा काढेपर्यंत साधा दिसतो, पण त्याचं पिल्लूही अंड्यातून बाहेर आल्या दिवसापासून फणा काढतं. घोणस जाड अंगाची, पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या लंबगोल डागांच्या तीन ओळी, आणि तिचा फूत्कार एकदा ऐकलास की पुन्हा ओळखायला शिकवावं लागणार नाही. मण्यार आणि फुरसं यांच्याकडे पुढे येते, कारण खरा घोळ त्या दोघांचा आहे.

आता मोरी. जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला की दोन-चार दिवसांत न्हाणीच्या भोकातून गांडुळासारखं काहीतरी बाहेर येईल. गांडूळच वाटेल. पण गांडूळ ओलसर, कड्याकड्यांचं, आकसत-ताणत सरकणारं. हे कोरडं, चकचकीत, काळपट तपकिरी, आणि फरशीवर वळवळत इतक्या घाईने जातं की बघणारा मागे सरतो. थांबून बघितलंस तर बारीक जीभ आत-बाहेर करताना दिसेल. हा वाळा. लांबीला वीतभरही नाही, जाडीला समईतल्या वातीएवढा. डोकं कुठलं नि शेपूट कुठलं कळत नाही. डोळे म्हणजे खवल्यांखाली दोन काळे ठिपके, उजेड-अंधार कळण्यापुरते. शेपटीच्या टोकाला एक बारीक काटा असतो, तो हातात धरल्यावर टोचतो, आणि मग ‘वाळ्याने डंख मारला’ अशी गावभर बातमी होते. माणसाला चावायचं म्हटलं तरी त्याचं तोंड तेवढं उघडत नाही.

वाळा खातो मुंग्यांची आणि वाळवीची अंडी, त्यांच्या अळ्या. जमिनीत पाणी भरलं की तो कोरडी जागा शोधत निघतो आणि त्याला मोरीचं भोक सापडतं. एखाददुसरा निघाला तर सोडून दे. पण वारंवार निघायला लागले तर फरशीखाली आणि दाराच्या चौकटीत वाळवी लागली आहे का ते सुताराला दाखव. त्या सापाने तुला फुकटात सांगितलेलं असतं.

वाळ्याची एक गंमत मला फार आवडते. त्यात नर नाहीच. आजवर तपासल्या गेलेल्या सगळ्या माद्या निघाल्या. मादी नराशिवाय अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच जन्मतात. त्यामुळे कुंडीतल्या मातीबरोबर एक जरी परदेशी गेली तरी तिथे वंश सुरू होतो. असाच तो फ्लोरिडा आणि हवाईपर्यंत पोचला आहे. तेव्हा फ्लोरिडातल्या नणंदेने बागेतला फोटो पाठवून ‘हे काय गं’ विचारलं, तर आपल्या गावचं माणूस आहे म्हणून सांग.

कानात शिरतो म्हणतात. नोकरीत मी कान पुष्कळ तपासले. मुंगी निघाली, झुरळ निघालं, भाताचं कूस निघालं, एकदा खोडरबराचा तुकडा निघाला. वाळा कधी नाही. केरभरणीत झाडूने लोट आणि आळूच्या वाफ्यात नेऊन टाक. त्याच्यासाठी सर्पमित्राला फोन करू नकोस, तो हसेल.

गांडुळासारखंच दिसणारं आणखी एक जनावर पावसात परसात सापडेल, देवगांडूळ. ते सापही नाही आणि गांडूळही नाही, बेडकाच्या गोत्रातलं आहे. बुळबुळीत, अंगावर वळ्या, हालचाल सावकाश. लोक त्याला विषारी समजून ठेचतात. तू ठेचू देऊ नकोस. सापसुरळी मात्र तू ओळखतेस, तिला पाय आहेत आणि ती डोळे मिटते. साप डोळे मिटत नाही, त्याला पापण्याच नसतात.

आता खरी परीक्षा. रात्री जेवणं झालीत, पडवीतला दिवा चालू आहे, दिव्याभोवती किडे, किड्यांसाठी पाली. आणि भिंतीवरून, चिऱ्याच्या सांध्यात अंग अडकवत, हात-दीड हाताचा बारीक साप वर चढतोय. हा कवड्या. पालींसाठी आलाय. माणसाच्या घरात तो इतका रुळला आहे की वाशांच्या खोबणीत, खिडकीच्या चौकटीमागे, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीशीसुद्धा दिवस काढतो. अंग तपकिरी, त्यावर पांढरट-पिवळट आडवे पट्टे. डोकं चपटं, डोळे काळेभोर आणि जरासे बाहेर आलेले. विष अजिबात नाही. पुढचे दात मात्र लांब आहेत, पाल निसटू नये म्हणून, आणि हातात धरला तर तो न कंटाळता चावत राहतो.

त्याचा घोळ मण्यारीशी. दोघेही रात्रीचे, दोघेही घरात शिरणारे, दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे. त्यात कवड्याचा एक भाऊबंद, पट्टेरी कवड्या, काळपट अंगावर पांढरट पट्टे घेऊन फिरतो. तो पाहिलास म्हणजे रंगाचं नाव मी सुरुवातीलाच का टाकलं ते कळेल.

पट्टे कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात ते बघ. कवड्याचे मानेपासूनच सुरू होतात, पुढच्या अंगावर ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं उलट. डोक्यामागचं बरंचसं अंग कोरं, मग पुसट पट्टे, आणि शेपटीकडे जावं तसे ते स्पष्ट होत जातात. तिचे पट्टे बारीक, पांढरे आणि बहुधा जोडीजोडीने आलेले. कवड्याचे रुंद, आणि बाजूला पोटाकडे जाताना फाटे फुटलेले. मण्यारीचं अंग निळसर काळं आणि चकाकतं. तिच्या पाठीवर कण्याच्या रेषेत इतरांपेक्षा मोठ्या, षटकोनी खवल्यांची एक ओळ असते. सगळ्यांत पक्की खूण ती, पण ती दिसण्यासाठी जितकं जवळ जावं लागतं तितकं जवळ जायचं नाही.

ती खूण कातेवर बघावी. माळा झाडताना, गडग्याच्या भोकात, कौलांखाली कात सापडली की पोरांना बोलाव आणि ती उन्हासमोर धर. खवला न खवला उमटलेला असतो, डोळ्यावरची टोपीसुद्धा. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ निघाली तर या आवारात मण्यारीचा वावर आहे असं समजून चाल. शेपटीची खालची बाजू बघ: मण्यारीचे तिथले खवले एकेरी, अखंड असतात, कवड्याचे दुहेरी. कात निघताना ताणली जाते, ती सापापेक्षा लांब भरते, तेव्हा तिच्या लांबीवरून सापाचं माप काढू नकोस. माझी आई काती जपून ठेवायची, पोथीत घातली तर विद्या येते म्हणून. विद्या आली की नाही माहीत नाही, पण कुठली कात कोणाची हे आम्हाला सगळ्यांना कळायला लागलं.

यातही एक मेख आहे. मण्यारीच्या पिल्लाचे पट्टे कधीकधी मानेच्या बरेच जवळ येतात, आणि कवड्याएवढंच लहान पिल्लू असतं. म्हणून माझा हिशेब असा: भिंतीवर चढत असलेला बहुधा कवड्या, जमिनीवर भिंतीच्या कडेने किंवा अंथरुणाजवळ असलेली मण्यार, आणि जरा जरी शंका आली तरी मण्यारच. कवड्याला मण्यार समजलीस तर तुझा फक्त एक फोन वाया जाईल. आणि घरात कवड्या आहे म्हणजे मण्यार येत नाही असं कोणी सांगितलं तर त्याला चहा देऊन वाटेला लाव. मण्यार इतर साप खाते, त्यात कवड्याही आला.

मी इतकं ताणून सांगते त्याला कारण आहे. मण्यारीचा चावा कळत नाही. सूज नाही, दुखणं नाही. माणूस जमिनीवर झोपलेला असतो, झोपेत कूस बदलताना ती दाबली जाते आणि चावते. पहाटे तो उठतो ते पोटात दुखतंय, घशात काहीतरी अडकतंय म्हणून. पापण्या वर उचलत नाहीत, जीभ जड होते, पुढे श्वास. असा पेशंट आला की आम्ही अंगावर दातांची खूण शोधत बसत नसू, बऱ्याचदा ती सापडायचीच नाही. तेव्हा पावसाळ्यात पोरांना जमिनीवर झोपवू नकोस. खाटेवर झोपव आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोच. नुसती सोडून ठेवलेली मच्छरदाणी डासांनाही अडवत नाही आणि मण्यारीलाही.

भिंतीवरून उतरून अंगणात ये. पावसाची उघडीप पडली, ऊन आलं, आणि गवतातून हातभर लांबीचा, पाठीवर डोक्याकडून शेपटीपर्यंत दोन पिवळट रेघा असलेला साप निघाला, तर ती नानेटी. दिवसाची फिरणारी, बेडकांवर जगणारी. आडवे नाहीत, उभे पट्टे, एवढं ध्यानात ठेव. फार डिवचली तर मान फुगवते आणि खवल्यांमधून निळसर-तांबूस झाक दिसते, तेवढंच तिचं भांडण. चावायच्या फंदात क्वचितच पडते. पोरांना साप दाखवून भीती घालवायची असेल तर पहिला हिला दाखव, पण लांबूनच. आज नानेटीला हात लावणारं पोर उद्या फुरशालाही लावेल.

विहिरीजवळ, पाटाच्या पाण्यात, वाफ्यात साचलेल्या डबक्यात दिसेल ती दिवड. कोणी विरोळा म्हणतात. पाठीवर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकडे, आणि डोळ्याच्या खालून आणि मागून निघणाऱ्या दोन तिरप्या काळ्या रेघा. त्या रेघा दिसल्या की खात्री. ही तापट. अंगाचा पुढचा भाग उचलून मान चपटी करते, की लोक ‘नाग, नाग’ ओरडत काठी आणतात. चावते, रक्त चांगलं येतं, दात खोल जातात. विष नाही, पण जखम साबणाने धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला केंद्रात जायचंच. आणि ‘ती दिवडच होती’ असं आपण म्हणतो, डॉक्टरांना म्हणू दे.

भाताच्या कणगीजवळ, माळ्यावर, गोठ्यात, जिथे उंदीर तिथे तस्कर. फिकट तपकिरी, पुढच्या अंगावर पांढरट ठिपक्यांचे आडवे पट्टे, आणि मागच्या अर्ध्यात दोन्ही बाजूंनी शेपटीपर्यंत जाणाऱ्या दोन काळपट रेघा. पुढचं वेगळं आणि मागचं वेगळं, अशी दोन सापांची जोडणी केल्यासारखा दिसतो. चिडला की मानेचा नागमोडी आकडा करून तोंड उघडतो. धामण तुला माहीत आहे, ती लहान नाही. पण तिची पिल्लं पावसात अंगणात येतात, डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, शेपटीने मारते, हे सगळं सोडून दे. गोठ्यात ती उंदरांसाठी येते आणि वर्षाकाठी तुझं किती भात वाचवते ते तिलाच माहीत.

कुकरी नावाचा एक आहे, तपकिरी अंगावर सुटे सुटे काळे आडवे पट्टे आणि डोक्यावर बाणाच्या टोकासारख्या एकामागे एक खुणा. पाली-सरड्यांची अंडी खातो. तोही मण्यार म्हणून फुकट मरतो.

हिरव्यांच्या बाबतीत जरा थांबायला हवं. कुंपणाच्या मेंदीत किंवा करवंदीच्या जाळीत पेन्सिलीएवढा जाड, पण दोन-तीन हात लांब, टोकदार नाकाचा पोपटी साप दिसला तर हरणटोळ. डोळ्याची बाहुली आडवी असते, अशी दुसऱ्या कुणाची आपल्याकडे दिसणार नाही. सौम्य विषारी आहे, सरडे-बेडकांपुरता. तो डोळे फोडतो, टाळूवर चावतो, या सगळ्या गप्पा. जमिनीवर गवतात जाड बांध्याचा हिरवा गवत्या दिसतो, तो बेडकं खातो. पण झाडाच्या फांदीवर वेटोळं घालून तासन्‌तास न हलणारा, जाड, मोठ्या त्रिकोणी डोक्याचा हिरवट साप असेल तर तो चापडा, आणि तो विषारी. आपल्या दवाखान्यातलं सर्पदंशाचं औषध चार मुख्य सापांवर बेतलेलं आहे, चापड्यावर नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानात, ओढ्याकाठी फणस उतरवायला जाशील तेव्हा फांदीला हात घालण्याआधी फांदी बघ.

लहान साप म्हणजे गरीब साप, ही समजूत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात तरी धरू नये. फुरसं वीत-दीड वीत ते हातभर असतं. कातळावर, सड्यावर, चिऱ्याच्या खाणीत, दगड उचलला की खाली. मातकट रंग, अंगावर फिकट नागमोडी नक्षी, खवले खरखरीत, डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी खूण. पळत नाही. आठच्या आकड्यासारखं वेटोळं घालतं आणि अंगावर अंग घासून खर्रखर्र असा आवाज काढतं. तो आवाज आला की जिथे आहेस तिथे पाय थांबव, बघ कुठून येतोय, आणि मग मागे ये. फुरशाशी गफलत होते ती मांजऱ्याची. त्याचीही नक्षी तशीच, डोळे मांजराचे. पण मांजऱ्या सडपातळ आणि लांब, मान बारीक, रात्री झाडाझुडपांवर फिरणारा. फुरसं आखूड आणि अंगाने भरलेलं. मांजऱ्याचं विष माणसाला बाधत नाही, पण रात्री बॅटरीच्या उजेडात हा फरक करायला जाऊ नकोस.

फुरसं चावलेला माणूस दवाखान्यात चालत येतो, हसत बोलतो. पाय थोडा सुजलेला. आम्ही दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं हात न लावता ठेवायचो. २० मिनिटांनी नळी आडवी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं, की विष भिनलंय. हिरड्यांतून रक्त नंतर येतं. म्हणून ‘काही होत नाहीये’ म्हणणाऱ्याला घरी बसवायचं नाही.

दुसरा लहान विषारी म्हणजे पोवळा. वाळ्यापेक्षा लांब, पण तितकाच अंगाने बारीक, फिकट तपकिरी, डोकं काळं, शेपटीवर दोन काळी कडी. डिवचला की शेपूट वळवून वर करतो आणि शेपटीची खालची निळसर बाजू दाखवतो. फार क्वचित दिसतो. वाळा समजून चिमटीत धरायला मात्र हाच सापडायचा, म्हणून वाळ्यालाही केरभरणीनेच उचल. पावसाळी मातीत आणखी एक निघतो, खापरखवल्या. शेपूट तिरपी छाटल्यासारखी बोथट. गांडुळं खातो, जमिनीखाली राहतो, चावायचा विचारही करत नाही.

तुझ्या माहेरी, फलटणकडे, हिशेब थोडा वेगळा. तिथे माळावर घोणस आहे आणि तिची नक्कल वाटावी अशी डुरक्या घोणस आहे, ती पूर्ण बिनविषारी. घोणशीचे डाग सुटे, रेखीव, तीन ओळींत. डुरक्याचे वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले. घोणशीची मान बारीक, डोकं वेगळं कळतं. डुरक्याची मान कळत नाही आणि शेपूट एकदम आखूड संपते. तुझे बाबा दर दिवाळीत मांडुळाची गोष्ट काढतात, लाखांना विकलं जातं म्हणून. दोन तोंडं नसतात, शेपूट बोथट असते एवढंच. बाकी १९७२च्या वन्यजीव कायद्याने साप पकडून विकणं गुन्हा आहे, आणि लाखांच्या आशेने आपलेच पैसे घालवलेली माणसं त्यांच्याही ओळखीत असतील. त्यांना एकदा सांगून बघ. ऐकणार नाहीत.

आता लोक जे नियम सांगतात ते. डोकं त्रिकोणी म्हणजे विषारी, असं सगळे म्हणतात. नागाचं आणि मण्यारीचं डोकं त्रिकोणी नसतं, आणि बिनविषारी साप भ्यायला की जबडा पसरून डोकं त्रिकोणी करतो. बाहुली उभी म्हणजे विषारी, असंही म्हणतात. नाग-मण्यारीची बाहुली गोल, मांजऱ्याची उभी. दोन दातांची खूण उमटली तर विषारी, नाहीतर नाही, हे तर सगळ्यांत घातक. चावताना पाय झटकला जातो, एकच दात लागतो, कापड मध्ये येतं. जखमेवरून साप ठरवायचा नाही.

घराभोवती काय करायचं ते थोडक्यात. मोरीच्या भोकाला बारीक जाळी बसव. दारांच्या खालच्या फटी बंद कर. जळण घराच्या भिंतीला टेकवून रचू नकोस, चार दगडांवर फळ्या टाकून त्यावर, भिंतीपासून लांब रच. लाकूड ओढताना आधी काठीने हलव. कोंबड्यांचं खाद्य रात्री उघडं ठेवू नकोस, त्यावर उंदीर येतात आणि उंदरांवर बाकीचे. डांबरगोळ्या, रॉकेल, दारात सर्पगंधेचं झाड, याने काही होत नाही. कार्बोलिकने पोरांचे हात भाजतील. रात्री अंगणात जायचं तर बॅटरी, आणि चप्पल पायात घालण्याआधी झटकून.

साप घरात आहे आणि कुठला ते कळत नाही, तेव्हा मारायचा नाही. काठीने मारायला जाताना चावल्याच्या केसेस मी पुष्कळ पाहिल्या. पोरांना आणि कुत्र्याला बाहेर काढ, खोलीचं दार ओढून घे, दाराखाली जुनं कापड कोंब, आणि एकाने खिडकीतून लक्ष ठेवायचं, म्हणजे सर्पमित्र आल्यावर सगळं घर उपसावं लागत नाही. त्याला फोनवर तेच सांग: कुठे, किती वाजता, काय करत होता, पट्टे आडवे की उभे. लांबून फोटो निघाला तर पाठव. वनखात्याचा १९२६ हा नंबर स्वयंपाकघरात दारामागे लिहून ठेव, त्याखाली १०८. आणि सर्पमित्र पोरगेला असेल, साप हातात धरून फोटोसाठी उभा राहायला लागला, तर आत्यांनी नाही म्हटलंय म्हणून सांग. पिशवीत घालून मुकाट्याने जा म्हणावं.

पान लागलंच, म्हणजे साप चावलाच, तर हात-पाय हलवायचा नाही, फळीला बांधून स्थिर ठेवायचा. अंगठी, बांगड्या, पैंजण काढायचे. आवळून दोरी बांधायची नाही, ब्लेड लावायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. देवळात न्यायचं असेल तर दवाखान्यातून सुटल्यावर न्या. उतारा सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. आपल्या केंद्रात आहे ना, किती बाटल्या आहेत, हे पावसाळ्याआधी जाऊन विचारून ये. सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात, दोन असून भागत नाही. सिस्टर नवी आहे, पण चांगली आहे, माझं नाव सांग.

राहिली ती मांजर. ती आगरातून काहीही तोंडात धरून आणेल आणि पडवीत तुझ्या पुढ्यात टाकेल. नानेटी आणेल, कवड्या आणेल, अर्धमेलं फुरसंही आणेल. मेलेलं दिसलं तरी हात लावायचा नाही. तुटलेलं मुंडकंसुद्धा बराच वेळ चावू शकतं. लांब दांड्याच्या फावड्याने उचल, मुंडकं वेगळं असेल तर ते आधी, आणि आगराच्या टोकाला हातभर खड्ड्यात पूर. मग पडवी धुऊन घे आणि मांजरीला त्या दिवशी पोरांच्या अंथरुणात घेऊ नकोस.